वाघाच्या मोहाखाली

"मोहाच्या बुडाशी वो, कोन झाडते हा पाला
माह्या नंदेचा वो बाई, वाघ राखनदार झाला…"

रोवण्याच्या चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेतून हा आवाज यायचा. पहिली ओळ मायची, दुसरी साऱ्यांची. ललिता तेव्हा परकरातली पोट्टी होती. बांधावर उभं राहून धानाच्या रोपांच्या जुड्या बायांकडे फेकायची. मायचा आवाज गोड म्हणावा असा नव्हताच. ओल्या बांबूवर कोयता घासावा तसा होता, पण शेताच्या चारी धुऱ्यांना पुरायचा. ही ओळ आली की बाया मनगटाने डोळे पुसायच्या. माय मात्र पुसायची नाही. तिचे हात चालूच.

साऱ्या गावाला ठाऊक होतं. अंजनाची, म्हणजे मायची, नणंद धुरपता मोहफुलं वेचायला गेली ती परतली नाही. झाडाखाली रक्त सांडलेलं होतं आणि लुगड्याचा फाटका पदर पडलेला होता. देवाजीने, ललिताच्या बापाने, तिथं बहिणीच्या नावाचा दगड रोवला. दर चैत्रात तो त्या दगडावर एक फूल ठेवून यायचा. दीक्षा घेतलेला माणूस, देवदेवता सोडलेला. गावातले टवाळ विचारायचे, "काय देवाजी, वाघाले फूल वाह्यते काय?" तो म्हणायचा, "वाघाले नाई. बहिनीले."

त्या झाडाची फुलं मग गावातल्या कोणी वेचली नाहीत. या भागात मोहाखालचा पाला जो झाडेल, त्याची त्या सालची फुलं. वाघाच्या मोहाखाली झाडायला कोण जाणार? तरी दर साली बुंधा झाडलेला दिसायचा, सारवल्यासारखा स्वच्छ. बाया म्हणायच्या, वाघ शेपटीनं झाडून जाते.

तो आवाज आता घरातच होता, सपरीत, पुढच्या ओसरीत, बाजेवर बसून सुपात तांदूळ निवडत होता, आणि ललिताशी बोलत नव्हता. भाची पिंकीने आजीला ललिताचं पुस्तक वाचून दाखवलं त्या दिवसापासून अंजनाबाईने लेकीला एक शब्द दिला नव्हता. देवाजीला जाऊन वर्ष झालं होतं; आज त्याचं पहिलं पुण्यानुमोदन. वाडीत चुलवण पेटलं होतं, अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला होता, चामोर्शीहून बौद्धाचार्य निघाले होते. आणि ललिता परसदारी आली तेव्हा धनराज धानाच्या कोठीतून तिच्या पुस्तकांचं खोकं ओढत चुलवणाकडे नेत होता.

"धनराज! ठेव ते खाली."

"ठेवतोच आहो, बाई. चुलीतच ठेवतो." धाकट्या भावाचं कपाळ घामाने निथळत होतं. "वरन शिजाले टाइम लागून राह्यला. तुह्या कागदानं तरी शिजंल."

"हात लावू नको. माझ्या पेन्शनीचं आहे ते."

"अन इज्जत? ते कोनाच्या पेन्शनीची हाये?" त्याने खोकं आपटलं. "बुधवारच्या बाजारात गेलो होतो. मिरच्या घेऊन राह्यलो, तं तो दुकानवाला चारचौघांत विचारते, काय धनराजभाऊ, वाघ घरातच होता म्हन्ते! सारे हासले. मी मिरच्या तिथीच टाकून आलो."

"मग त्याला म्हणायचं होतं, हो, होता."

"म्हनू? माह्या बाले वाघ म्हनू?"

खोक्याची चिकटपट्टी त्याने दाताने तोडली. वरच आठ-दहा प्रती होत्या, हिरव्या मुखपृष्ठाच्या. 'वाघ आलाच नाही'. खाली लेखकाच्या जागी ललिता निमसरकार, आत प्रकाशकाच्या जागीही तीच. पुण्याच्या एका प्रकाशकाने उत्तर दिलं नव्हतं, नागपूरच्याने भाषा फार गावठी आहे म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हा चंद्रपूरच्या एका छापखान्यात शाई वाळेपर्यंत उभी राहून तिने ते छापून घेतलं होतं. सारा जन्म शाळेत पोरांच्या पाट्या तपासण्यात गेला. नवरा गेला, पोरं पांगली. साठीला टेकल्यावर पहिल्यांदा तिने कोणाला न विचारता काही केलं होतं.

धनराजने दोन प्रती चुलवणात फेकल्या. ललिता धावली. हात भाजेल याचा विचार करायच्या आत तिने एक बाहेर ओढली. दुसरीची पानं एकेक करून उठली, काळी झाली. हातातली धुमसती प्रत तिने पायाखाली विझवली, उचलून घेतली आणि भावाकडे पाहिलं. लहानपणी या पोराला तिने कडेवर वागवला होता. आज त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिच्या हाताला वाटत होतं.

"जाळ. सारी जाळ. घुग्घुसपासून राजुऱ्यापर्यंत लोकांच्या घरात पोहोचलंय ते. तिथं कुठं कुठं चूल पेटवशील?"

"बाई, मी सरळ सांगून देतो." धनराजचा आवाज खाली आला, आणि खाली आल्यावर जास्त भीती वाटावी असा झाला. "बौद्धाचार्य आले का मांडवात उभं राह्याचं. साऱ्या सोयऱ्याईपुढं म्हनाचं, पुस्तक खोटं हाये, माह्या मनानं लिह्यलं. मंग बस बाच्या फोटोपुढं. नाई तं थैली उचल. पोरगी म्हनून वंदनेले बसू देनार नाई मी तुले."

"खोटं नाही ते."

"तुले काय माहीत? तू जन्मली तरी होती काय?"

खरं होतं. ती जन्मली नव्हती. पण नोकरीची शेवटची वर्षं आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका शाळेत गेली होती. तिथं पोरांचा भात शिजवणारी बुधरी नावाची गोंड बाई एका सकाळी तांदूळ धुता धुता गुणगुणत होती, आणि ललिताच्या हातातला खडू गळून पडला. मोहाच्या बुडाशी वो, कोन झाडते हा पाला. तीच ओळ, तीच ओढ. कोणाचं गाणं गं हे? "माह्या आईचं. नदीपल्याडची होती. धुरपता." बाप कोण? "जंगू." आई मरून बरीच वर्षं झाली होती. वाघाने नव्हे, म्हातारपणाने.

त्या रात्रीपासून ललिताला झोप नव्हती. म्हणजे वाघ आलाच नव्हता. आत्या गोंडाच्या पोराबरोबर निघून गेली होती, आणि घराचं नाक वाचवायला या घरानं तिला जिवंतपणी मारलं होतं. पुढचं तिला कोणी सांगावं लागलं नाही. कादंबरीतला भाऊ कुऱ्हाड घेऊन बहिणीच्या मागं जातो, हात हलवत परततो, बकरं कापून रक्त सांडतो, आणि मग आयुष्यभर दगडावर फूल ठेवण्याचं सोंग करतो. भावाचं नाव ललिताने बदललं होतं. दगड बदलला नव्हता.

"काय चालू हाये इथी?" दुर्गा, धनराजची बायको, भाताचं गंज-पातेलं उतरवायला फडकं घेऊन आली होती. "पावने बसले मांडवात, अन तुमचं हे! आवाज बाहेर जाते."

"तूच सांग तुझ्या नवऱ्याला," ललिता म्हणाली. "पुस्तक आलं तेव्हा टीव्हीशेजारी तूच ठेवलं होतंस ना? आलेल्या-गेलेल्याला दाखवत होतीस, आमच्या बाईनं लिह्यलं म्हणून."

"तवा वाचलं नवतं." दुर्गाने नजर चुकवली. "माह्या भावानं वाचलं अन फोन केला. म्हने, तुह्या सासऱ्यानं बहिनीवर कुऱ्हाड उचलली काय? काय सांगू मी त्याले? पिंकीचं लगन कराचं हाये आमाले, बाई. तुमचं काय, तुम्ही लिहून मोकळ्या."

"मले मधात नोको आनू, आई." पिंकी न्हाणीच्या दारात उभी होती, ओले केस पंच्यात. चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती ती. "ज्याले या पुस्तकाची लाज वाटते त्याच्या घरी मले जाचंच नाई."

"लय शिकली तू!" धनराज ओरडला. "म्हातारीले वाचून कोनी दाखवलं? तूनच ना? तवापासून तोंड शिवून बसली हाये ते. मारून टाका तिलेबी!"

"आजी लाजून चुप नाई, बाबा. तुमाले समजतच नाई." पिंकी ललिताकडे वळली. "आत्या, मी तुले सांगतलं नवतं. बकरं कापाचं पान वाचलं ना, तवा आजी हासली. हासली, अन मंग पुस्तक माह्या हातातून घेतलं अन बाजेखाली फेकलं. म्हने, हे पोट्टी बाले ओयखत नाई."

ललिताला ते चाबकासारखं लागलं. पुस्तकाचा राग कोणीही करावा. ते ती सहन करत होतीच. पण मायने हसावं?

ती तरातरा सपरीत गेली. सारे तिच्या मागे. मांडवातल्या पाहुण्यांच्या माना इकडे वळल्या, आणि न वळवल्याचं सोंगही कोणी केलं नाही. भिंतीशी टेबलावर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली देवाजीचा फोटो, हार घातलेला. अंजनाबाई सुपातून खडे वेचत होती.

"माय, काय खोटं लिहिलं मी? बोल. धनराजला बोलता येतं, दुर्गाला येतं. तुझ्याच तोंडाला काय झालंय?"

खडा सुपाबाहेर पडला. टक्.

"तू त्या घरात होतीस. नवी नवरी होतीस. नणंद गेली, नवऱ्यानं वाघ उभा केला, आणि तू गप्प राहिलीस. वर गाणी म्हटलीस! रडवलंस साऱ्या गावाला. मला बांधावर उभं करून रडवलंस!"

"बाई, बस कर!" धनराज.

"का बस करू? साठ वर्षं बसच केलं आहे सगळ्यांनी!"

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी कुत्री भुंकली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक सावळी, उंच बाई उन्हात उभी होती. फाट्यावर जीपगाडीतून उतरून चालत आलेली; पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. ललिताने निरोप धाडला होता, पण येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"गुर्जी," बुधरीने हाक दिली. शाळेतली जुनी सवय; तिच्या लेखी बाई मास्तरही गुरुजीच. "उशीर झाला. गाडी भरल्याबगर निंगेच ना."

"हे कोन?" धनराजने विचारलं, पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याला कळलंय.

"आत्याची लेक. तुझी आतेबहीण."

मांडवात कुजबुज उठली, वारं शिरावं तशी. धनराजचे ओठ पांढरे पडले. "बाच्या पुण्यानुमोदनाले? आजच्या दिवशी? तमाशा लावला काय तुनं?" मग बुधरीकडे वळून, तिच्याकडे न पाहता: "बाई, तुमी परत जा. इथी तुमचं कोनी नाई."

बुधरी हलली नाही. रागावलीही नाही. गाठोडं डोक्यावरून उतरवून तिने छातीशी धरलं. "मी मागाले नाई आली, भाऊ. मामा मेला म्हनलं. मोह आनला त्याच्यासाठी, वाळवून. आईनं सांगतलं होतं, मामा गेला का नेऊन देजो. तिच्या झाडाचा हाये."

"परत जा म्हनलं ना!"

"तुमी जा परत," दुर्गा एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिलाच तिच्या आवाजाचं नवल वाटलं असावं, कारण पदर सावरत तिने ते वाक्य पुन्हा धरलं. "उन्हातून आली ते बाई. पाय पाहा तिचे. भांडन कराचं तं मंग करजा, आधी पानी देऊ द्या. सासऱ्याच्या दिवसाले दारातलं मानूस तहानलं जाईल काय?" आणि तांब्या घेऊन ती अंगणात उतरली. धनराज तसाच उभा राहिला, आपल्याच घरात एकटा पडल्यासारखा.

बुधरी पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि मग तिचं लक्ष सपरीतल्या म्हाताऱ्या बाईकडे गेलं.

अंजनाबाईने सूप बाजूला ठेवलं होतं. बाजेचा काठ धरून ती उभी राहिली. पिंकी आधाराला धावली, तिचा हात तिने झटकला.

"पुस्तक खोटं हाये," अंजनाबाई म्हणाली.

ओल्या बांबूवर घासलेला कोयता. चारी धुऱ्यांना पुरणारा आवाज. थकला होता, पण मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"आयकलं?" धनराजने हात उंचावला. "सारे आयकून घ्या! मायनं सांगतलं. पुस्तक खोटं हाये!"

"तू चुप बस." मायने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुह्या बाजारातल्या मिरच्यांसाठी नाई म्हनून राह्यली मी."

ललिताने बुधरीकडे हात केला. "माय, ही बाई समोर उभी आहे. हाडामांसाची. वाघानं नेलेल्या बाईची लेक. तरी खोटं?"

"धुरपता गेली ते खरं. जंगूसंग गेली ते खरं. कुऱ्हाड निंगाली तेबी खरं. सासऱ्याच्या हातात एक अन तुह्या बाच्या हातात एक." अंजनाबाई फोटोकडे वळली. "पर सोंग म्हनलं तुनं. त्याच्या फुलाले सोंग म्हनलं. पोट्टे, तो मानूस मरेपर्यंत वाघावर रागावून होता. जंगलात वाघ वरडला का झोपेतून उठून बसे. म्हने, म्या तिले मारासाठी कुऱ्हाड उचलली, म्हून वाघानं नेली. त्याले माहीत नवतं. काई माहीत नवतं त्याले. तुनं त्याले खोटारडा केला, चार गावात छापून."

"मग कोणाला माहीत होतं?" ललिता ओरडली. तिचा आवाज चिरला. "कोणी सांगायचं होतं मला? तुला विचारलं नाही का मी? लिहायच्या आधी आले होते, तुझ्या पायाशी बसून विचारलं होतं. आत्याचं काय झालं? काय म्हणालीस तू? वाघ! माझ्या तोंडावर वाघ म्हणालीस!"

"म्हनलं."

"का?"

"तुहा बा जिता होता तवा. तिथी, त्या खोलीत झोपला होता."

 चुलवणावर वरण उतू गेलं, त्याचा चर्र आवाज आला; कोणी उठलं नाही.

"तुले लिहाले येते, ललिता," अंजनाबाई म्हणाली. "आयकाले येत नाई. गानं आयकलं तुनं त्या शाळेत. आयकून धावली, पुस्तक लिह्यलं. पर हे नाई इचारलं, का गानं तिकडं गेलं कसं? ते म्याच केलं होतं, रोवण्यात. धुरपता गेल्यावर. जे इथून गेली, तिले मांगून केलेलं गानं कोनं शिकवलं?"

 हिरव्या मुखपृष्ठाची अर्धी जळालेली प्रत अजून ललिताच्या हातात होती. एवढी पानं लिहिली, आणि हा प्रश्न एकाही पानावर नव्हता.

बुधरी पायरीपर्यंत आली होती. म्हातारीच्या चेहऱ्याकडे ती मान कलती करून बघत होती, दूरचं गाव ओळखावं तशी.

"मोहाखाली येत होती ते बाई," ती हळूच म्हणाली. "मी लहान होती. आई रातच्याच निंगे मले पाठीवर घेऊन. पाला झाडे. मंग एक बाई ये टोपली घेऊन. मुरमुऱ्याचा लाडू दे मले. दोघी वेचत अन गानं म्हनत. आई म्हने, हिचं नाव इचारू नोको, नाव घेतलं तं वाघ निंघून जाईल." ती एक पायरी वर चढली. "मामी, तुमीच ना?"

अंजनाबाईने मान हलवली नाही. तिने फक्त हात पुढे केला, आणि बुधरीने मोहाचं गाठोडं त्या हातात दिलं. वाळल्या फुलांचा आंबूस-गोड वास सपरीत पसरला. म्हातारीने ते गाठोडं देवाजीच्या फोटोपुढे ठेवलं. हार वाकडा नव्हता, तरी सारखा केला.

"माय," धनराजचा आवाज पोरासारखा झाला होता. "पर रगत होतं ना? लुगडं सापडलं होतं. बानं सोता पाह्यलं. साऱ्या गावानं पाह्यलं."

"हो. पाह्यलं."

ती वळली. ललिताला वाटलं, माय आता रडेल. पण चेहऱ्यावर रडू नव्हतं. राग होता, जुना, जपून ठेवलेला, या घरावर, कुऱ्हाडींवर, लेकीच्या पुस्तकावर, आणि फोटोतल्या त्या भोळ्या माणसावरही, ज्याने एकदा तरी संशय घ्यायला हवा होता.

"बापलेक नदीच्या वाटेनं निंगाले होते. झपाझप. दुपारच्या आत गाठलं असतं तिले, अन दोघांबी तिथीच तोडलं असतं. मी किती दिवसाची नवरी? माहं कोन आयकनार होतं? माहेराहून आनलेली लाल कोंबडी होती माही. तिले पदराखाली घेतलं. धुरपताचं घरातलं लुगडं घेतलं. वाडीमांगून मोहाखाली गेली. लुगडं दातानं फाडलं. कोंबडीची मान मुरगळली, रगत सांडलं, पाय ओढल्यावानी माती उकरली. अन बोंब ठोकली. अशी ठोकली का नदीवरून दोघंबी परत धावत आले."

तिने श्वास घेतला. सारा मांडव तिच्याकडे बघत होता. ती मात्र फक्त ललिताकडे बघत होती.

"तुहा बा तिथी पडून रडला, अन म्या त्याले रडू देल्लं. जलमभर देल्लं. तिकडं धुरपता नदी पार झाली." अंजनाबाईचा आवाज पहिल्यांदा हलला. "वाघ त्यानं नाई आनला, ललिता. वाघ म्या आनला."